सुट्ट्यांची वही : प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी

काम सुरू. बाळ जुलैच्या सुरुवातीला येईल असं डॉक्टर म्हणतात. तोवर एक विषय हातावेगळा करायचा आहे: आपल्या घरात सुट्ट्या कशा जातील. माझ्या माहेरचं काय घ्यायचं, नवऱ्याकडचं काय घ्यायचं, दोन्हीकडचं काय सोडून द्यायचं, आणि आपलं स्वतःचं असं काही सुरू करायचं का.

नवऱ्याचं म्हणणं, हे सगळं आपसूक ठरतं, त्याला वही कशाला. माझं म्हणणं, आपसूक ठरतं याचा अर्थ ज्याचा आवाज मोठा त्याच्या मनासारखं होतं, आणि मोठ्या आवाजाची माणसं आमच्या दोन्ही घरांत भरपूर आहेत. शिवाय बाळ आल्यावर झोपेचे वांधे होणार. डोकं शाबूत आहे तोवर ठरवून टाकलेलं बरं. वही मी घातली, त्यामुळे नोंदीही मीच लिहिणार.

पहिलं काम: दोघांनी लहानपणच्या सुट्ट्यांबद्दल आठवेल ते लिहायचं. वेगवेगळ्या खोलीत बसायचं, भावंडांना फोन करायचा नाही, अल्बम उघडायचा नाही. अल्बमवरची बंदी मुद्दाम घातली आहे. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणचे खरे फोटो दाखवले आणि त्यात एक बनावट सरकवला: गरम हवेच्या फुग्यात बसून सफर करतानाचा. अशी सफर कुणीच केलेली नव्हती. तरी दोन-तीनदा विचारपूस झाल्यावर निम्म्या लोकांना ती थोडीफार, काहींना तर चांगली सविस्तर, आठवायला लागली. तेव्हा डोक्यात आहे ते आधी कागदावर, फोटो नंतर.

१३ फेब्रुवारी

माझी पानं भरून वाहिली. आजोळी एका खोलीत ओळीने घातलेली अंथरुणं, भिंतीकडची जागा कुणाची यावरून रोजची मारामारी, पत्त्यांत हरलं की रुसून माळ्यावर जाऊन बसणारा मामेभाऊ, दुपारी मोठी माणसं झोपली की पाय न वाजवता चालायची शर्यत.

परत वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. 'एकदा असं झालं' हे जवळजवळ कुठेच नाही. सगळीकडे 'असायचं', 'करायचो', 'भांडायचो'. आईबाबांनी काटकसर करून, रजा जुळवून एका वर्षी आम्हाला समुद्रावर नेलं होतं. त्या सहलीतलं माझ्याकडे काय शिल्लक आहे? बसच्या खिडकीच्या काचेभोवतीची काळी रबरी पट्टी, एका कोपऱ्यात सुटलेली. ती मी बोटाने ओढत बसले होते आणि काच थरथरत होती. समुद्र नाही. हे आईला सांगायचं की नाही, बघू.

नवऱ्याचं पान: जेमतेम चार ओळी. 'सुट्टी लागली की बाबा घरी. बाबा घरी म्हणजे भांडण. दुपारी मी जिन्यात बसायचो. शाळा उघडली की बरं वाटायचं.'

१४ फेब्रुवारी

काल त्या पानावर काही बोलले नाही. आज तोच बोलला. (पुढचं त्याने वाचून 'राहू दे' म्हटलंय म्हणून लिहिते.) सासऱ्यांचं पिणं तेव्हा जोरात होतं. एरवी ते दिवसभर कामावर असायचे, त्यामुळे घर सांभाळलं जायचं. सुट्टीच्या दिवसांत नाही. त्याच्या डोक्यात सुट्टी म्हणजे सकाळपासून कानोसा घेत बसणं. मी गेली काही वर्षं त्याच्यामागे 'चल ना, सगळे जमूया' म्हणून लागत होते, तेव्हा तो कामाचं निमित्त काढून का सटकायचा, हे आता नीट कळलं.

मग बऱ्याच वेळाने म्हणाला, एक आहे पण. सुट्टीची शेवटची संध्याकाळ. सासरे त्या दिवशी पीत नसत. जमिनीवर बसायचे, ब्राऊन पेपरची गुंडाळी उलगडून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायचे आणि नवीन वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायचे. कात्री ते वापरत नसत. घडीवरून नख फिरवायचे आणि स्टीलची पट्टी लावून कागद सर्रकन फाडायचे. कड अशी यायची की कात्रीने कापल्यासारखी. याचं काम पट्टी धरायचं. हलली तर ओरडा नाही, नुसतं परत जागेवर आणून ठेवायचे. बोलणं शून्य. 'तो एक तास घर शांत असायचं', एवढं म्हणून तो भांडी घासायला उठला.

मी हे वहीत वेगळ्या पानावर लिहून त्याला चौकट केली.

याच विषयावर स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांचं जुनं काम आहे, १९८० च्या दशकातलं. व्यसन असलेल्या घरांतून पुढे आलेली मुलं आणि त्यांचे संसार त्यांनी अभ्यासले. ज्या घरांत पिणं चालू असूनही सणवार, एकत्र बसणं वगैरे ठरल्या वेळी ठरल्या पद्धतीने होत राहिलं, तिथे व्यसन पुढच्या पिढीत उतरण्याचं प्रमाण कमी दिसलं. १९८७ च्या अभ्यासात त्यांनी जोडप्यांकडे पाहिलं. ज्यांनी आपल्या संसाराच्या रीती कुठल्या घरातून उचलायच्या हे विचारपूर्वक ठरवलं होतं, त्यांच्यातही व्यसन कमी उतरलेलं होतं. ठरवलं होतं, हा यातला मुख्य भाग. नवऱ्याला वाचून दाखवलं. वही कशाला, हा प्रश्न पुन्हा आलेला नाही.

२२ फेब्रुवारी

आजचा प्रश्न: बाळाला यातलं काही आठवायला कधी लागणार? उत्तर निराशाजनक, पण कामाचं.

मोठ्या माणसांना त्यांची पहिली आठवण विचारली तर सरासरी वय सुमारे साडेतीन वर्षं निघतं. व्हिक्टर आणि कॅथरिन हेन्री यांनी १८९० च्या दशकात प्रश्नावल्या पाठवून हेच विचारलं होतं, म्हणजे प्रश्न तसा जुनाच. त्याआधीचं फार थोडं टिकतं. बरं, बाळं काही लक्षात ठेवत नाहीत असंही नाही. ठेवतात, पण पुढे हाती लागत नाही. गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांचा २००२ चा प्रयोग मला फार आवडला. दोन-अडीच-तीन वर्षांच्या मुलांना एक जादूचं यंत्र दाखवलं: वरून मोठं खेळणं टाकायचं, मूठ फिरवायची, खालून तेच खेळणं छोटं होऊन बाहेर. सहा महिने किंवा वर्षाने पुन्हा विचारलं. मुलांना यंत्र आठवत होतं, फोटोंतून खेळणी ओळखता येत होती. मधल्या काळात त्यांची भाषाही वाढली होती. तरीही त्या प्रसंगाबद्दल बोलताना त्यांनी तेच शब्द वापरले, जे यंत्र पाहिलं त्या वेळी त्यांना येत होते. नंतर शिकलेला एकही शब्द त्या आठवणीला चिकटला नाही.

भाषा हे एक कारण. दुसरं मेंदूतलं. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, लहानपणी नव्या पेशी भराभर तयार होतात आणि त्या जुन्या जोडण्या विस्कटतात. २०१४ मध्ये शीना जोसेलिन आणि पॉल फ्रँकलंड यांच्या गटाने उंदरांवर हे दाखवलं: शिकून झाल्यावर पेशींची वाढ वाढवली तर उंदीर जास्त विसरतात, पिलांमध्ये ती मंदावली तर कमी. गिनीपिगची पिल्लं मेंदू बराच पिकूनच जन्मतात, ती मुळातच कमी विसरतात.

वय वाढलं की प्रश्न संपतो असंही नाही. पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी मुलांशी तिसऱ्या वर्षी झालेल्या गप्पा नोंदवून ठेवल्या आणि पुढे त्याच प्रसंगांबद्दल पुन्हा विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहूनही कमी.

थोडक्यात, पहिली तीन वर्षं आपण जे काही करू ते बाळाला आठवण्यासाठी नाही. ती आपली तालीम. नवरा म्हणाला, 'मग पहिली तीन वर्षं काही नाही केलं तरी चालेल की.' चालणार नाही, कारण तिसऱ्या वर्षापर्यंत जे अंगवळणी पडलं नसेल ते चौथ्या वर्षी एकदम कसं सुरू होणार? पण दडपण उतरलं, हे खरं. पहिल्या सुट्टीच्या थाटामाटाची जी यादी मी करून ठेवली होती ती फाडली.

६ मार्च

फोनबंदी उठवली. दादाशी तासभर. माळ्यावर रुसून बसणारा मामेभाऊ नव्हता, दादा स्वतःच होता, असं दादाचं म्हणणं. मामेभावाला फोन केला तर तो म्हणतो दोघंही चूक, ते सगळं त्याच्या धाकट्या बहिणीचं. तिला विचारलं तर 'आपल्याला माळा होता?'

निकाल लावत बसणार नाही. तिघांनाही हा मान स्वतःकडे हवा आहे, एवढी नोंद पुरे.

२० मार्च

मामीकडून जुन्या कॅसेटचा डबा आला. मामा सुट्टीत टेपरेकॉर्डर चालू करून ठेवायचा. बहुतेक साठ मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. काहींवर आधीची गाणी पुसून आम्ही भरलेले आहोत.

पहिलीच लावली तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, मधूनच नाहीसा. खोका उघडून बघितल्यावर कळलं. कॅसेटच्या तोंडाशी, मधल्या खाचेत, धातूच्या पातळ पट्टीवर नमद्याचा इवलासा तुकडा असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. डिंक वाळून तो गळून आतच पडला होता. टेप जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. दाब गेला की ती हेडपासून जराशी सुटते आणि तेवढ्याने बारीक आवाज सगळे जातात. एका कोऱ्या कॅसेटचे पाच स्क्रू काढून तिची पट्टी चिमट्याने उचलली आणि इकडे बसवली. स्क्रू परत घट्ट पिळले नाहीत, नाहीतर खोका वाकतो आणि चकत्या घासतात. मग वाजवण्याआधी टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात.

डेकच्या लाइन-आउटमधून संगणकात. वेव्ह फाइल, म्हणजे आवाज दाबून लहान न करता साठवलेला. खरखर काढायचा मोह टाळला. मूळ फाइल आहे तशी ठेवायची, साफसफाई करायची तर प्रतीवर.

२४ मार्च

कॅसेटींत खजिना असेल असं वाटलं होतं. निम्म्याहून जास्त वेळ पंख्याचा आवाज, भांडी आणि 'बंद कर रे ते'. आजोबांचा आवाज मिळेल या आशेवर होते. ते एकदाच खाकरतात.

पण एका बाजूवर, रात्रीची वेळ असावी, मोठी मावशी आम्हा पोरांची हजेरी घेतेय. आज काय काय झालं? कुणीतरी म्हणतं, कुत्रं आलं. 'बरं, मग?' मग तो पळाला. 'कोण, कुत्रं की तू?' हशा. 'कुठून पळालास? तेव्हा ही कुठे होती?' मी ठामपणे काहीतरी थाप मारते, दादा ती खोडून काढतो, मावशी म्हणते, 'थांब, तिचं होऊ दे, मग तू.' हे बराच वेळ चालू आहे. माझ्या भरलेल्या पानांत या हजेरीचा उल्लेखसुद्धा नाही. आणि पानांत जे आहे त्यातलं बरंचसं त्या खोलीत, अंधारात, असंच पुन्हा पुन्हा सांगून घोटलं गेलं असणार.

रॉबिन फिवुश, इलेन रीस आणि कॅथरिन हेडन यांनी आया मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल कशा बोलतात यावर १९९० च्या दशकात बरंच काम केलं. काही आया तोच प्रश्न पुन्हा विचारतात: कुठे गेलो होतो? सांग, कुठे? काहीजणी मुलाने दिलेला धागा पकडून पुढे नेतात: बरं, मग? तेव्हा तुला काय वाटलं? दुसऱ्या प्रकारच्या आयांची मुलं पुढे स्वतःच्या आठवणी जास्त भरगच्च सांगतात. न्यूझीलंडमध्ये २०००च्या सुमारास हार्लीन हेन यांच्याच गटाने मोठ्या माणसांची पहिली आठवण विचारली, तेव्हा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, लोकांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली, युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीनच्या. माओरी घरांत मागचं सांगण्या-ऐकण्याला मोठं स्थान आहे.

मावशीची शाळा सातवीनंतर सुटली. तिने यातलं काही वाचलेलं नव्हतं.

ठरलं: हजेरी घ्यायची. रोज नाही, सुट्टीत. ही पहिली पक्की नोंद.

२ एप्रिल

राजकारण. आईचा फोन: पहिली मोठी सुट्टी बाळ आजोळीच हवं, तशी पद्धत आहे. संध्याकाळी सासूबाईंचा: 'अगं, मी काय म्हणते, पहिल्या वर्षी इकडेच या सगळे, तुझ्या आईबाबांनाही बोलाव.' दोघींचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही बेतांत तान्हं बाळ घेऊन प्रवास मी करायचा.

नवऱ्याने दोघींना सांगितलं की पहिल्या वर्षी आम्ही हलणार नाही, ज्यांना यायचं त्यांनी यावं. त्याने सांगायचं असं आधीच ठरवलं होतं. मी सांगितलं असतं तर ते 'तिचं म्हणणं' झालं असतं. आई दोन दिवस तुटक बोलली. मग विचारलं, 'अंथरुणं आहेत का तुझ्याकडे पुरेशी?'

१५ एप्रिल

अठ्ठाविसावा-एकोणतिसावा आठवडा. बाळाला आता ऐकू येतं. गर्भाला साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून पुढे आवाजाला प्रतिसाद देता येतो, आणि आईचा आवाज हाडांतून, शरीरातून थेट पोचतो. अँथनी डिकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी १९८६ मध्ये गरोदर बायकांना शेवटचे दीड महिने रोज दोनदा एकच बालकथा मोठ्याने वाचायला लावली. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की ओळखीची गोष्ट ऐकू येणार, दुसऱ्या लयीत अनोळखी. बाळं ओळखीच्या गोष्टीसाठी लय बदलत होती, वाचणारी बाई दुसरीच असली तरीही.

नवऱ्याने लगेच विचारलं, मी वाचलं तर? त्यावरही डिकॅस्पर यांचं १९८४ चं काम आहे: नवजात बाळांना वडिलांचा आवाज दुसऱ्या पुरुषापासून वेगळा कळतो, पण तोच हवा असं त्यांचं काही नसतं. बिचारा हिरमुसला. वाचण्यातून मात्र त्यालाही सूट नाही. मला ऐकायला आवडतं, हे कारण पुरेसं आहे.

काय वाचायचं यावर फार खल केला नाही. यमकं असलेलं, छोटं, आणि शंभरदा वाचून वीट येणार नाही असं. शेवटची अट सगळ्यात अवघड.

२८ एप्रिल

फोटोंचा नियम. लिंडा हेन्केल यांच्या २०१४ च्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तर हा तोटा दिसला नाही. तेव्हा: थोडे फोटो, जवळून, आणि दर सुट्टीनंतर त्यातले मोजके छापून मागे कोण, कुठे, कधी हे पेन्सिलीने लिहायचं. फोनमध्ये पडून राहिलेले फोटो म्हणजे नसल्यासारखेच.

१० मे

सासऱ्यांकडे जाऊन आलो. त्यांचं पिणं सुटून आता बरीच वर्षं झाली. बाप-लेकात मात्र कामापुरतंच बोलणं.

सोबत प्रश्न नेले होते. मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी एमरी विद्यापीठात २००० नंतरच्या वर्षांत मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले: आईवडील कसे भेटले माहीत आहे का, आजी-आजोबा कुठे वाढले माहीत आहे का, आपल्या जन्माच्या वेळी काय झालं माहीत आहे का, असे, मुलाला स्वतः पाहून कळणारच नाही अशा गोष्टींचे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा आत्मविश्वास जास्त, घराबद्दलचं मत चांगलं. ड्यूक यांनीच पुढे बजावून सांगितलं की उत्तरं पाठ करून घेऊन काही होत नाही. ती उत्तरं ज्या बैठकींतून, ज्या माणसांकडून कानावर पडतात, त्यात सगळं आहे. वीस प्रश्नांत एक गंमतही आहे: न हसल्यामुळे ज्याचा चेहरा कायमचा रडका झाला असा कुणी नातेवाईक माहीत आहे का? थापाही घराच्या गोष्टींत मोजल्या जातात.

सासऱ्यांना तो प्रश्न विचारला. म्हणाले, 'आहे की. माझा थोरला भाऊ.' आणि सासूबाई हसून कोसळल्या.

मग मी कव्हरांचा विषय काढला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, पण अडवलं नाही. सासरे म्हणाले, 'त्यात काय. वह्या फाटायच्या. ही म्हणायची, निदान एवढं तरी करा.' संपलं. गहिवर वगैरे काही नाही. थोड्या वेळाने स्वतःच विचारलं, 'हल्ली तयार प्लास्टिकची कव्हरं मिळतात ना?' नवरा म्हणाला, 'मिळतात. घामट वाटतात हाताला.' माझ्या हिशेबी त्या दोघांमधलं हे बऱ्याच दिवसांतलं सगळ्यात लांब संभाषण.

२५ मे

नवीन रीत मुद्दाम बनवणं खोटं वाटतं, असं नवऱ्याचं म्हणणं. रीत जुनी असावी लागते. पण जुनी म्हणजे किती? इतिहासकार एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या लेखसंग्रहाचा विषयच हा आहे: अनादि वाटणाऱ्या कितीतरी परंपरा शे-दोनशे वर्षांत जाणूनबुजून घडवलेल्या. त्यात ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी दाखवलंय की स्कॉटलंडचा आजचा आखूड किल्ट, म्हणजे पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख, अठराव्या शतकात एका इंग्रज कारखानदाराने कामगारांच्या सोयीसाठी बेतला. घरातल्या रीतीला तर दोन वर्षं पुरतात. चार वर्षांच्या पोराच्या दृष्टीने गेल्या वर्षी झालं म्हणजे 'आपण नेहमीच करतो'.

बार्बरा फीझ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये घरगुती रीतींवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यातला फरक मला उपयोगी पडला. दिनक्रम म्हणजे 'हे करायला हवं', आणि झालं की विसरलं. रीत म्हणजे 'आपण असे आहोत', आणि ती चुकली की चुकल्यासारखं होतं. तीच कृती एका घरात दिनक्रम असते, दुसऱ्या घरात रीत. कव्हर घालणं सासऱ्यांच्या लेखी पहिलं होतं, मुलाच्या लेखी दुसरं.

शेवटच्या संध्याकाळीच हे असणं फायद्याचंही आहे. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना झोंबणाऱ्या गार पाण्यात एकदा मिनिटभर हात ठेवायला लावला, एकदा तेवढंच करून वर अर्धा मिनिट आणखी, फक्त त्या वेळात पाण्याचा गारवा एका अंशाने कमी होत गेला. पुन्हा करायचं तर कुठलं, म्हटल्यावर बहुतेकांनी दुसरं, जास्त वेळाचं निवडलं. शेवट जरा सुसह्य होता म्हणून. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी माझ्या माहेरी काय असायचं? दप्तर शोधणं, राहिलेला अभ्यास आणि आईची कटकट. नवऱ्याकडचा शेवट आमच्याकडच्यापेक्षा चांगला होता, हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला.

७ जून

पोट इतकं की वही मांडीवर राहत नाही. भराभर लिहिते.

पक्कं झालेलं असं. सुट्टीत झोपताना हजेरी, दिवा मालवून, जो बोलतोय त्याला मध्ये तोडायचं नाही. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी जमिनीवर बसून कव्हरं. पुस्तकं नसतील त्या वर्षांत घरातल्या दुसऱ्या कशाला तरी घालू, वह्या, वाचायची पुस्तकं, काहीही. बाकी सगळं ऐच्छिक. सहल झाली तर झाली. ज्याला गर्दी नको त्याला जिन्यात जाऊन बसायची मुभा आहे, आणि 'कुठे गेला होतास' असं कुणी विचारायचं नाही. हे कलम नवऱ्याने घातलं.

माझ्या पानांवरचं बाकीचं बरंच सोडून दिलं. पाय न वाजवता चालायची शर्यत सोडवत नव्हती. पण ती मुलांनी मोठ्यांपासून लपून करायची गोष्ट आहे, मोठ्यांनी आखून दिली तर तिच्यात काही राहत नाही. दुपारी आपण खरंच झोपायचं, एवढंच आपल्या हातात.

१४ जून

तालीम. नणंदेच्या मुलाची शाळा उघडतेय, त्याची पुस्तकं घेऊन सगळे आमच्याकडे. सासरे येताना स्वतःची स्टीलची पट्टी घेऊन आले, जुनी, एका टोकाचे आकडे पुसलेली. मी आणलेला कागद बोटांनी चोळून बघितला आणि बाजूला ठेवला: 'हा चकचकीत आहे. घडीवर फुटतो. कुणी आणला?' कुणी काही बोललं नाही.

तरी त्याच्यावरच काम भागवलं. पुस्तक मधोमध उघडं ठेवायचं, चारी बाजूंना दोन बोटं कागद सोडायचा. पाठीच्या वर आणि खाली दोन तिरक्या चिरा द्यायच्या, मधली जीभ आत दुमडायची, नाहीतर पुस्तक मिटताना कव्हर तिथेच फाटतं. कोपरे आधी तिरके आत, मग बाजू. पट्टी नवऱ्याने धरली. भाचा पहिल्या पुस्तकाला कंटाळला, दुसऱ्याला मोबाइल मागितला, तिसऱ्याला म्हणाला मी फाडतो. त्याने फाडलेली कड पार नागमोडी. सासऱ्यांनी ती आतल्या बाजूला जाईल असा कागद फिरवला आणि पुढचं पुस्तक घेतलं.

लेबलं भाच्याने स्वतः लिहिली. एकावर गेल्या वर्षीची इयत्ता पडली. खोडरबर शोधायला लागला तर सासरे म्हणाले, 'राहू दे, त्याच्यावर दुसरं चिकटव.'

भूगोल आणि दोन वह्या राहिल्या, कागद संपला. उद्या नवऱ्याने आणायचा आहे: बिनचकाकीचा, फार जाड नको, आणि लेबलांचं आणखी एक पाकीट.